गिटार की पेटी? चाळिशीनंतर वाद्य हाती घेणाऱ्यांसाठी

‘माझ्या अंगात कला नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या अडचणी दोन तऱ्हेच्या असतात. कुणाची बोटं पटकन वळत नाहीत, तर कुणाला सूर चुकलेला कळत नाही. आपली अडचण यातली कोणती, हे वाद्य घेण्याआधी ओळखावं. गिटार बोटांची परीक्षा पहिल्याच दिवशी घेते. पेटी कानाची परीक्षा घेते, पण बरीच उशिरा.

पेटीचे सूर कारागिरानं आधीच लावलेले असतात. भाता हलवायचा, पट्टी दाबायची, सूर बिनचूक येतो. त्यामुळे नवखा माणूसही थोड्याच दिवसांत सरगम वाजवतो, मग अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे), मग एखादी आरती. मोठ्या वयात हे लवकर मिळणारं यश फार मोलाचं असतं.

गिटारवर तसं होत नाही. सहा तारा दर वेळी सुरात लावाव्या लागतात. तार सुरात आहे का हे दाखवणारा क्लिपचा ट्यूनर मिळतो, तेव्हा कच्च्या कानाच्या माणसानं याची धास्ती घेऊ नये. खरा त्रास बोटांना होतो. स्टीलच्या तारा डाव्या हाताच्या बोटांत रुततात आणि कातडी घट्ट होईपर्यंत काही आठवडे दुखतं. हे सगळ्यांनाच होतं, त्याचा उपजत कलेशी काहीही संबंध नाही. त्यानंतरचा टप्पा जास्त अवघड: जी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, त्यासाठी बोटं ठरावीक आकारात ठेवायची) सीवर जाताना उजवा हात थांबतो आणि गाणं तुटतं. बहुतेक जण गिटार सोडतात ते इथे. यावर उपाय एकच, गाणं बाजूला ठेवून फक्त दोन कॉर्डची अदलाबदल, मेट्रोनोम (ठेका धरून टिकटिकणारं यंत्र किंवा ॲप) अगदी संथ लावून, रोज दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण बोटं वळतात. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरायची एफ कॉर्ड तर सुरुवातीला खुशाल टाळावी.

हा घाट चढला की मात्र पारडं फिरतं. जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्या चार आकारांवर असंख्य गाण्यांना साथ करता येते. त्यांनी पांढरी पाच या पट्टीत, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या सुराला ‘सा’ मानून, गाता येतं. गळ्याला उंच पट्टी हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघा) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की तेच आकार काळी चारचे होतात. साध्या पेटीवर गाण्याची पट्टी बदलली की बोटांची सगळी मांडणी नव्यानं बसवावी लागते. बोटांची मांडणी तीच ठेवून पट्टी बदलता येणारी स्केल चेंजर पेटी असते, पण ती महाग आणि वजनदार. शिवाय पेटीवर प्रत्यक्ष चाल वाजवायची असते. गायकानं ऐन वेळी घेतलेली हरकत (सुरांची छोटी लकेर) कानानं पकडून बोटांत आणायची, आणि कच्चा कान अडतो तो इथेच. पेटीवर मींडही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, येत नाही. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली; त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता.

म्हणून अभंग, भजनी मंडळ, नाट्यगीतं हे ज्यांचं जग आहे त्यांनी पेटीच घ्यावी, आणि शिक्षकांसमोर बसून शिकावी. बोटांचे सांधे दुखत असतील तरीही पेटीच बरी. कान कच्चा, पण ताल अंगात आहे आणि मित्रमंडळींत स्वतः गाताना साथ हवी आहे, अशांना मी गिटारच सुचवेन. कॉर्डचे आकार डोळ्यांना दिसतात, त्यामुळे व्हिडिओ पाहूनही सुरुवात होते.

गिटार ठरली तर नायलॉन तारांची की स्टीलच्या? नायलॉन बोटांना मऊ, पण तिची मान वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर रुंद, स्टीलवालीची सुमारे ४३. लहान पंजाच्या माणसाला ती रुंदी जड जाते. अशा वेळी स्टीलच्या गिटारला एक्स्ट्रा लाइट, म्हणजे जास्त बारीक, तारा लावून घ्याव्यात. दुकानातच बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर बघा. ते अडीच मिलिमीटरपेक्षा बरंच जास्त असेल तर सेटअप करून, म्हणजे तारांची उंची कमी करून, मागा, नाहीतर बोटं विनाकारण सोलवटतील. पेटी घेताना भाता भरा, एकही पट्टी न दाबता थांबा आणि हवा किती वेळ टिकते ते पाहा. लगेच गळत असेल तर दुसरी दाखवायला सांगा.