पोलीस ठाण्यासाठी बीपीचं मशीन: ऑम्रॉन एचईएम-7120

ठाण्यात बीपीचं मशीन घ्यायचं ठरलं की दुकानदार हमखास ब्लूटूथचं, डझनावारी नोंदी साठवणारं मॉडेल पुढे करतो. ठाण्याला ते नको. 7120 हे ऑम्रॉनचं साधं, दंडावर पट्टा बांधायचं मॉडेल. त्यात फक्त शेवटची मोजणी राहते. घरी वापरणाऱ्यांना ही उणीव वाटते, पण चाळीस जणांच्या सामायिक मशीनला तीच सोयीची. सगळ्यांचे आकडे एकत्र साठले तर कुठला कोणाचा ते कळत नाही, आणि ज्याला कळायला नको त्याला नेमकं कळतं.

खरी अडचण पट्ट्याची. सोबत येणारा पट्टा 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी आहे. हवालदार, एएसआय (सहायक उपनिरीक्षक) होण्याच्या वयापर्यंत आलेल्या कित्येकांचा दंड त्यात बसत नाही. ओढूनताणून बसवला तर आकडा खऱ्यापेक्षा वर जातो आणि माणूस उगाच धसका घेतो. 32 ते 42 सेंटीमीटरचा मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो मशीनसोबतच घ्या. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने एकदा घेर मोजला की कोणाला कुठला पट्टा हे कायमचं ठरतं.

दुसरी चूक गणवेशाची. पूर्ण बाही वर गुंडाळली की तिचीच दंडाला आवळपट्टी होते. हात बाहीतून बाहेरच काढायला हवा. म्हणून मशीन ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवून चालत नाही. दार लागणारी खोली हवी, महिला अंमलदारांसाठी तर नक्कीच. वॉकीटॉकी आणि मोबाइलही मशीनपासून लांब ठेवायचे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट बंद. लघवी करून यावं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खोबणीच्या एक-दोन सेंटीमीटर वर, नळी हाताच्या आतल्या बाजूने, आणि हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. मोजणी चालू असताना बोललं तर आकडा सहज दहाने चढतो. ठाण्यात हेच पाळणं सगळ्यात अवघड, कारण तेवढ्यात कोणीतरी हाक मारतंच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पडद्यावर ई-1 हा बिघाडाचा संकेत दिसला तर आधी हवेची नळी नीट बसली आहे का आणि पट्टा सैल आहे का ते पाहा. बहुतेकदा दोष तिथेच निघतो.

नाइट राउंड किंवा बारा तासांच्या बंदोबस्तावरून उतरल्या उतरल्या घेतलेला आकडा तुमचा रोजचा आकडा नव्हे. ठाण्यात जास्त निघालं तर आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून, पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. ती 135/85 किंवा वर असेल तर डॉक्टर गाठावा. 180/120 च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखणं, धाप, जीभ जड होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काहीही सोबत असेल तर पुन्हा मोजत बसू नये, 108 लावावा. अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढून घ्यावा, कारण तशा नाडीत खुद्द मशीनचा आकडाही बेभरवशाचा होतो.

आता पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांसाठी. आकडे स्टेशन डायरीत नकोत, हजेरीच्या रजिस्टरात नकोत, ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नकोत. ज्याने त्याने आपल्या खिशातल्या वहीत लिहावं. आधीच्या माणसाचा आकडा मशीनमध्ये पुन्हा पाहता येतो, एवढी चोरवाट या मॉडेलमध्येही आहेच. रुग्णनिवेदन, म्हणजे आजारी असल्याचं कळवून रजेवर जाणं, खरं की खोटं हे या मशीनवर पडताळू नये. डेंग्यूने फणफणलेल्या माणसाचं बीपीही 120/80 दाखवू शकतं. आणि एकदा कोणाचा आकडा पाहून ड्युटी बदलली की दुसऱ्या दिवसापासून कोणी दंड पुढे करत नाही, मशीन कपाटात जातं. ड्युटी बदलायचीच तर सगळ्यांची बदलावी. 2016 मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो सगळ्या ठाण्यासाठी होता.

देखभाल थोडी आहे. घामाने ओला झालेला पट्टा तसाच गुंडाळू नका; धुवायचा नाही, ओलसर फडक्याने पुसून वाळवायचा. नळी मुडपून कोंबली की तिथेच चिरते. एए आकाराचे चार सेल लागतात, चारही एकदम बदला. दोन वर्षांतून एकदा मशीन पोलीस रुग्णालयात नेऊन तिथल्या उपकरणाशी ताडून घ्या. पट्टे नेताना दोन्ही न्या, मोठ्या पट्ट्याची गळती सहसा तपासलीच जात नाही.