रिटेलची पदवी, निम्मी वर्गात आणि निम्मी दुकानात: माझा अनुभव

माझा तीन वर्षांचा कोर्स यंदा संपला. विद्यापीठ आणि दुकानांची साखळी चालवणारी एक कंपनी तो मिळून चालवतात. आठवड्यातले तीन दिवस लेक्चर, तीन दिवस दुकानात काम. प्रवेश घ्यावा का, तर घ्यावा; पण दुकानात तुम्हाला शिकवणार कोण, हे आधी विचारून.

मला शिकवलं ते स्टॉकमोजणीने. सिस्टिममध्ये एका वस्तूचे १४ नग दिसत होते आणि शेल्फवर एकही नव्हता. दोन तास शोधल्यावर गोदामात भलत्याच खोक्यात ९ सापडले, ५ गेले ते गेलेच. फ्लोअर मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "सिस्टिमला वाटतंय माल आहे, मग ती नवा मागवेल कशाला?" म्हणजे नुकसान पाच नगांचं नव्हतंच. शेल्फ रिकामं बघून जितकी गिऱ्हाइकं परत गेली, तितक्या विक्रीचं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी ठरलेला धडा बाजूला ठेवून हेच आकडे फळ्यावर मांडले. दुकान आणि वर्ग असे एकमेकांशी बोलू लागले की शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं.

मार्जिनचंही तसंच. खरेदी किमतीवर ५० टक्के मार्कअप, म्हणजे वाढ, लावला की विक्री किमतीवरचं मार्जिन, म्हणजे त्यातला नफ्याचा वाटा, ३३ टक्के होतं, हे मला पाठ होतं. त्यावर २० टक्के सूट दिली की ते जेमतेम १७ टक्क्यांवर येतं, हे सेलच्या पाट्या स्वतः लावताना उमगलं.

दुसऱ्या वर्षाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सेलच्या हंगामात आम्ही सलग सहा आठवडे फक्त कपड्यांच्या घड्या घातल्या आणि टॅग लावले. घड्या घालायला माझी ना नाही, ते काम यायलाच हवं. पण एका आठवड्यात येतं. विद्यापीठातल्या आमच्या विभागाने लॉगबुकवर सह्या केल्या, काय शिकलात हे कुणी विचारलं नाही. वर्गातली एक हुशार मुलगी तेव्हाच कोर्स सोडून गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आलटून पालटून काम आणि शिक्षण ही पद्धत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी सुरू केली. त्यात काम हा अभ्यासाचाच भाग होता. विद्यापीठाचं लक्ष सुटलं की कंपनीला हंगामापुरते हात मिळतात, एवढंच होतं.

तिसऱ्या वर्षाने बरंच भरून काढलं. एका रॅकची मांडणी ठरवायचं काम माझ्याकडे आलं, आधीच्या तीन महिन्यांच्या विक्रीच्या आकड्यांसकट. माझा प्लॅनोग्राम, म्हणजे कुठला माल कुठे ठेवायचा याचा आराखडा, ऐकायला खरेदी विभागाचे लोक आले आणि न खपणारा माल तिथून काढून ठेवणार कुठे, असं विचारून त्यांनी मला गप्प केलं. तो रॅक मी दोनदा नव्याने मांडला.

प्रवेशाआधी मागच्या बॅचचे प्रोजेक्ट बघायला मागा. विद्यार्थ्यांना विक्रीचे खरे आकडे देतात का, हेही विचारा.