गिल्ड वॉर्स २ : काही महिन्यांच्या वापरानंतर, खेळाडू कमी होत असल्याच्या चर्चेविषयी

गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ ओस पडत चालला आहे का, या प्रश्नाचे उत्तर केवळ खेळाडूंच्या एकूण आकड्यात शोधणे मला पटत नाही. गेल्या पावसाळ्यापासून सांगलीत, विश्रामबागच्या घरून, बहुतेक रात्री युरोपच्या सर्व्हरवर खेळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, किती जण उरले आहेत यापेक्षा उरलेल्यांची एकमेकांशी गाठ पडावी अशी रचना खेळात आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

मिरजेला राहणारा माझा मामेभाऊ या बाबतीत माझ्या अगदी विरुद्ध मताचा आहे. स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी दिसणारी खेळाडूंची संख्या दाखवून तो हा खेळ संपल्यातच जमा धरतो. परंतु हा खेळ ऑगस्ट २०१२ मध्ये निघाला आणि स्टीमवर आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली दहा वर्षे सर्व खेळाडू कंपनीच्या स्वतःच्या लॉन्चरमधून (खेळ सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) येत होते आणि त्यांतले जुने खेळाडू आजही बहुतांशी तिथूनच येतात. स्टीमच्या मोजणीत ते येतच नाहीत. खेळाची मालक कंपनी एनसीसॉफ्ट हिच्या तिमाही अहवालांत या खेळाचे उत्पन्न असते, पण इथे मासिक वर्गणी नसल्यामुळे उत्पन्नावरून माणसे मोजता येत नाहीत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या वर्गणीवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळाचे तसे नव्हते. तिथे वर्गणीदार २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर होते, २०१५ मध्ये ते ५५ लाखांवर आले आणि त्यानंतर कंपनीने आकडे देणेच थांबवले. हे सगळे ऐकून मामेभाऊ म्हणाला, “दादा, जुनी खाती असतील की, पण ती माणसं रोज येतात कशावरून?” त्याची ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मला आकड्यांत नव्हे, खेळाच्या रचनेत सापडले.

एप्रिल २०१४ पासून या खेळात मेगासर्व्हर पद्धत आहे. पूर्वी प्रत्येक सर्व्हरचा प्रत्येक मॅप, म्हणजे खेळातला प्रदेश, स्वतंत्र असे; आता युरोपमधले सगळे खेळाडू एकाच साठ्यात धरले जातात आणि मॅपच्या जेवढ्या प्रती भरतील तेवढ्याच उघडल्या जातात. कोणाला कोणत्या प्रतीत पाठवायचे हे ठरवताना ग्रुप, गिल्ड (खेळाडूंचा कायमचा संघ) आणि भाषा यांचा विचार होतो. एखाद्या प्रतीत माणसे फार कमी झाली, तर ती बंद होणार असल्याची सूचना येते आणि स्वेच्छेने भरलेल्या प्रतीत जाणाऱ्याला थोडा लाभही मिळतो. याउलट न्यू वर्ल्ड हा खेळ पाहावा. सप्टेंबर २०२१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा स्टीमवर एका वेळी नऊ लाखांहून अधिक खेळाडू होते. पण प्रत्येक सर्व्हर हे वेगळे जग असल्यामुळे ओहोटी लागताच प्रत्येक जग उघडे पडले आणि सर्व्हर एकमेकांत मिसळावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची नवी भर थांबवल्याचेही जाहीर झाले.

दुसरे कारण लेव्हलचे, म्हणजे खेळाडूच्या पात्राच्या पातळीचे, आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. इथे कमाल लेव्हल २०१२ पासून ८० च आहे, आणि वरच्या लेव्हलचा खेळाडू प्राथमिक भागात गेला की त्याचे बळ त्या भागाच्या मापाने खाली आणले जाते. त्यामुळे जुने मॅप निकामी होत नाहीत. क्वीन्सडेल या अगदी सुरुवातीच्या मॅपवर दर दोन तासांनी शॅडो बेहेमॉथ हा अनेकांनी मिळून मारायचा राक्षस येतो. आपल्याकडे रात्री सव्वानऊला येणाऱ्या फेरीत मी नवखा असताना शेजारी अनेक वर्षे खेळलेली माणसे उभी असत. तो आटोपला की तीच माणसे साडेनऊला येणाऱ्या टेक्वाटल या ड्रॅगनकडे वळतात. टेक्वाटलला तोफा सांभाळणारे, तोफांचे रक्षण करणारे आणि समोर लढणारे असे सगळेच लागतात, आणि ते सगळे तिथे असतात. अनोळखी कमांडरच्या (लढाईचे नेतृत्व करणाऱ्या खेळाडूच्या) खुणेमागे एवढ्या लोकांनी शिस्तीने उभे राहावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

तरीही ओसाडपणा जाणवतो, हे मी नाकारणार नाही. जर्मनीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा सांगलीत उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. संध्याकाळी सातला लॉगिन करून खेळ मेला म्हणणे म्हणजे आठवडी बाजाराच्या गावी भलत्याच वारी जाऊन बाजार मोडला म्हणण्यासारखे आहे. पण वेळेची ही अडचण खरी आहे. ड्रॅगन्स स्टँड या मॅपवर तिन्ही मार्गांवर एकाच वेळी पुरेशी माणसे लागतात आणि आपल्या संध्याकाळी ती मला अनेकदा मिळाली नाहीत. जुन्या डंजनसाठी (छोट्या ग्रुपने खेळायच्या वेगळ्या मोहिमांसाठी) ग्रुप जमवणेही कष्टाचे आहे, परंतु तिथे दोष लोकसंख्येचा नाही. २०१५ च्या एक्स्पान्शनबरोबर (विकत घ्यायच्या नव्या भागाबरोबर) तिथे बक्षीस मिळणारे खेळातले सोने कमी करण्यात आले आणि लोक फ्रॅक्टल्स या दुसऱ्या प्रकारच्या ग्रुप-मोहिमांकडे वळले. २०१७ मध्ये सवाऱ्या (बसून वेगाने फिरण्याचे प्राणी) आल्यापासून आणखी एक बदल झाला आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. पायी चालणाऱ्या नवख्याच्या डोक्यावरून जुने खेळाडू क्षणात निघून जातात. मॅपवर माणसे तेवढीच असतात, पण वाटेत थांबून पडलेल्याला उठवणारे कमी भेटतात. खेळात एकटेपणा वाटतो असे म्हणणाऱ्या नवख्यांचे म्हणणे मी म्हणूनच खोडून काढत नाही.

ज्याला हे स्वतः पाहायचे असेल त्याच्यासाठी सांगतो, मूळ खेळ २०१५ पासून मोफत आहे. ८० व्या लेव्हलपर्यंत तोच खेळावा, सर्व्हर युरोपचा निवडावा. इथून पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे राहते, पण बहुतेक लढायांत त्याची अडचण होत नाही. नंतर हार्ट ऑफ थॉर्न्स आणि पाथ ऑफ फायर ही एकत्र मिळणारी एक्स्पान्शन्स सवलतीच्या काळात घ्यावीत. केवळ रेड्ससाठी (मोठ्या ग्रुपने खेळायच्या अवघड लढायांसाठी) म्हणून कोणी घेणार असेल, तर त्याला मध्यरात्रीपर्यंत जागता येते का, हे आधी पाहावे. स्टीमवरून खाते उघडल्यास पुढची एक्स्पान्शन्सही तिथूनच घ्यावी लागतात, म्हणून तो निर्णय पहिल्याच दिवशी विचारपूर्वक घ्यावा.