लोडरच्या बकेटला बोल्टवाली पट्टी: दहा महिन्यांनंतर

माझा ट्रॅक्टर शेतात कमी आणि शिळफाट्याकडच्या खडीच्या यार्डात जास्त चालतो. पुढे लोडर, सहा फुटी बकेट. खडी, ग्रिट, नाहीतर कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या बांधकामांचं राबीट, म्हणजे तोडफोडीचा मलबा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट बकेटचा ओठ कानशीसारखा खातो. दोन वर्षांत पुढची कड चार बोटं झिजली आणि उजवा कोपरा मुरडला.

गेल्या जुलैतली पहिली दुरुस्ती फसली. वेल्डरने झिजलेल्या कडेवर कडक पोलादाची पट्टी भर पावसात तशीच मारली. ना पट्टी गरम केली, ना रॉड भट्टीत सुकवले. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड हवेतली ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डशेजारच्या कडक पोलादात शिरतो आणि ते तडकतं, तेही लगेच नाही. संध्याकाळी काम झकास दिसत होतं. सकाळी पाहतो तर वीतभर तडा! वर अर्थिंगचा चिमटा लावला ट्रॅक्टरच्या चासीला, म्हणजे सगळा करंट लोडरच्या सांध्यांतल्या पिना-बुशांतून. चिमटा बकेटवरच, वेल्डजवळ हवा. बॅटरीची तार तेवढी मी आधीच काढली होती.

दुसऱ्या वेल्डरने, महापेच्या, ती पट्टी कापून काढली. तळात उतरलेल्या तड्याच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने व्ही खाच करून सुक्या रॉडने भरलं. कोपरा गॅसने लाल करून जॅकवर सरळ केला. ओठाखाली १६ मिलिमीटरची, दोन्हीकडून धार असलेली पट्टी बोल्टने बसवली.

पट्टीवर मी खूश आहे. जानेवारीत ती फिरवून दुसरी धार पुढे घेतली; बकेटचं मूळ पोलाद शाबूत. तक्रार नटांची. पहिल्या दिवशी दोनदा आवळावे लागले, आणि फिरवायच्या वेळी बकेटच्या आतले नट खडीने घासून गोल झालेले, पाना धरेना. तीन गॅसने उडवले. नट-बोल्ट दर वेळी नवेच घ्या.

उजवी बाजू मात्र अजूनही जास्त झिजते, कारण आमचे ड्रायव्हरदादा कोपऱ्याने ढीग उकरतात. "शेठ, कोपऱ्याने पटकन सुटतं." सुटतं खरं, पण सगळा भार एका टोकावर येतो, आणि मुरडलेला कोपरा मलाच सरळ करून घ्यावा लागतो. बकेट पूर्ण खाली झुकवून मागे ओढायची सवयही त्यांची मोडली. तेव्हा सिलिंडरचा दांडा पूर्ण बाहेर असतो, अडकलं की वाकतो. आता ते फ्लोटवर ओढतात, म्हणजे लोडर मोकळा सोडून, जमिनीच्या चढउताराबरोबर वरखाली होऊ देत. रोज सकाळी पिनांना ग्रीस, पावसाळ्यात संध्याकाळीही.

जून आलाय, दुसरी धार निम्मी गेलीय. पुढची पट्टी आणून ठेवलीय, या वेळी कोपऱ्यांना जाड तुकडे लावून घेणार. दादांना अजून सांगितलं नाहीये.