भारनियमनाच्या गावात डेबियनचा सर्व्हर: पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदींसाठी एका जुन्या संगणकावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली बसवून त्यावर एनजिनेक्स हा वेब सर्व्हर आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस सुरू केले, त्याला आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा उलटला आहे. जिथे वीज आणि इंटरनेट या दोन्हींचा भरवसा नाही, तिथे प्रोग्रामचा सोर्स कोड आणून कंपाइल करण्यापेक्षा (म्हणजे त्यापासून प्रोग्राम स्वतः तयार करण्यापेक्षा) डेबियनच्या ऑनलाइन भांडारातली तयार पॅकेजेसच वापरावीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

याचे मुख्य कारण असे, की अर्धवट राहिलेले काम वाया जात नाही. डाउनलोड मध्येच तुटले, तर ॲप्ट हे पॅकेजेस आणणारे साधन उरलेला भाग तिथूनच पुढे आणते. आणि पॅकेज बसत असतानाच लाइन गेली, तर ती आल्यावर पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजी या साधनाची ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही कमांड दिली की अडकलेली पॅकेजेस बहुतेक वेळा मार्गी लागतात. वाचनालयातल्या इतर संगणकांसाठी ॲप्ट-कॅशर-एनजी बसवले आहे. ते 3142 पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) चालते आणि एकदा आणलेले पॅकेज साठवून ठेवते, त्यामुळे तेच पॅकेज प्रत्येक संगणकासाठी नव्याने उतरवावे लागत नाही. एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरची भांडारे मात्र ते सरळ साठवत नाही, ही उणीव आहे.

सेटिंगच्या फाइलींबाबत डेबियन जी काळजी घेते, ती मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या फाइलीत आपण बदल केला आहे आणि नव्या पॅकेजमध्येही जी बदलली आहे, तिथे डीपीकेजी थांबून विचारते. ‘डी’ दाबल्यास दोन्हींतला फरक दाखवते आणि नुसते एंटर दाबल्यास आपलीच फाइल कायम ठेवते. पोस्टग्रेस सुरुवातीला फक्त त्याच संगणकावरून जोडणी स्वीकारते, म्हणून इतर संगणकांवरून जोडायचे तर ‘लिसन_ॲड्रेसेस’ ही सेटिंग आणि ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ ही फाइल या दोन्ही ठिकाणी बदल करावा लागतो. एनजिनेक्स मात्र बसताक्षणीच सुरू होऊन 80 पोर्ट उघडते, हे मला पटत नाही. सेटिंग पूर्ण होईपर्यंत त्याने थांबायला हवे होते.

आवृत्त्या जुन्या असतात, ही तक्रार खरी आहे. डेबियन 12 मध्ये पोस्टग्रेस 15 मिळते. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात आणि वाचनालयाच्या कामाला तेवढे पुरते. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये पोस्टग्रेस 17 आहे. त्यावर जाताना जुना डेटा आपोआप नव्यात जात नाही, ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ ही कमांड चालवावी लागते, आणि जुना क्लस्टर (जुन्या आवृत्तीचा सगळा डेटा) आपण काढेपर्यंत तसाच राहत असल्याने डिस्कवर तेवढी जागा आधीच मोकळी करून ठेवावी.