ओ-यू-जी-एच आधी की एस-पी-ई-सी-टी?

इंग्रजी शब्द समान अक्षरांच्या गटाने शिकायचे, तर गट कोणता धरावा?

ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं टफ, कॉफ, थ्रू, दो या सगळ्यांत आहेत. उच्चार मात्र प्रत्येकात निराळा. पूर्वी इथे घशातून ‘ख’सारखा ध्वनी निघे. तो कुठे लोपला, कुठे ‘फ’ झाला, स्पेलिंग तसंच राहिलं. एकेक शब्द ऐकूनच पाठ करावा लागतो.

एस-पी-ई-सी-टी मला फार प्रिय. लॅटिनमध्ये याच्या मुळाशी ‘पाहणे’ आहे. इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणं, रिस्पेक्ट म्हणजे मुळात वळून पाहणं, स्पेक्टेटर म्हणजे प्रेक्षक. संस्कृतातलं ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ही याच कुळातले! एक मूळ कळलं की अनोळखी शब्दाचाही अंदाज बांधता येतो. शब्दसंग्रह वाढवायचा असेल तर इथूनच सुरुवात करा.