डायमंड लीग फायनल: साताऱ्यात बसून बघायची तर

मैदानावरचा खेळ पैकीच्या पैकी, प्रक्षेपण जेमतेम पास. डायमंड लीग म्हणजे अॅथलेटिक्सच्या स्पर्धांची हंगामभर चालणारी मालिका. तिच्या झ्युरिकला झालेल्या 2025 च्या फायनलबद्दल आमचं मत एवढंच.

आधी वेळेचं. झ्युरिक काय, 2024 ची फायनल झाली ते ब्रसेल्स काय, उन्हाळ्यात दोन्हीकडची घड्याळं आपल्या साडेतीन तास मागे. झ्युरिकची भालाफेक 28 ऑगस्टला, आपल्याकडे रात्री सव्वाअकराच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती बसलेले, त्यामुळे दीड दिवसाचं विसर्जन उरकून आलेल्यालाही जमणारी वेळ. 2024 ला ब्रसेल्सची भालाफेक मात्र रात्री पावणेदोननंतर. पहाटे शाहू स्टेडियमवर सरावाला जाणाऱ्या पोरांना तेवढ्यासाठी जागवू नका. सकाळी निकालपत्रक हातात द्या, त्यातून जास्त शिकतील.

अॅथलेटिक्सच्या प्रक्षेपणाची जुनी खोड इथेही जात नाही. भालाफेक चालू असताना ट्रॅकवर शर्यत सुटली की कॅमेरा तिकडे पळतो आणि थ्रो नंतर रिप्लेत दिसतो, तोही दिसला तर. सहा-सात जण, प्रत्येकाला सहा थ्रो. दोन हुकले की कोण कितवा हेच कळत नाही. म्हणून दुसऱ्या मोबाइलवर लीगच्या साइटचं लाइव्ह निकालपत्रक उघडं ठेवा. एक्स म्हणजे फाऊल, आडवी रेघ म्हणजे थ्रो सोडला.

निकालपत्रकातली नीरज चोप्राची झ्युरिकची ओळ बघा: 84.35 मीटर, 82.00, सलग तीन फाऊल, शेवटी 85.01. जर्मनीच्या ज्युलियन वेबरने पहिल्या दोन थ्रोतच 91.37 आणि 91.51 टाकले, पहिला नंबर तिथेच ठरला. खरी चुरस दुसऱ्या नंबरची. त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट 84.95 वर होता आणि नीरज सहाव्या थ्रोपर्यंत तिसरा. सहा सेंटिमीटरची ही लढत हायलाइट्समध्ये शोधून सापडणार नाही.

गुणांची पद्धत समजून घेतली नाही तर घोळ होतो. हंगामाच्या 14 स्पर्धांत पहिल्याला 8, आठव्याला 1. नीरज 2025 ला दोनच स्पर्धा खेळला. दोहात दुसरा, पॅरिसला पहिला, म्हणजे 15 गुण, आणि तेवढ्यावर फायनलला गेला. तिथे पोचलं की सगळ्यांची पाटी कोरी. 2017 पासून फायनल जिंकणाराच चॅम्पियन, त्याआधी हंगामभराचे गुण धरायचे. बघणाऱ्याला मजा येते, पण वर्षभर राबलेल्यावर अन्यायच की! ब्रसेल्सला 2024 मध्ये ग्रेनेडाचा अँडरसन पीटर्स 87.87, नीरज 87.86. वर्षाचा हिशोब एका सेंटिमीटरवर.

स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची 3000 मीटरची शर्यत, चुकवू नका. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने 2016 च्या ऑलिम्पिकची फायनल गाठल्यापासून आपल्याकडे ही शर्यत वेगळी सांगावी लागत नाही. 28 अडथळे, 7 वॉटर जंप. अडथळ्याची उंची पुरुषांना 91.4 सेंटिमीटर, महिलांना 76.2. नजर वॉटर जंपवर ठेवा. अडथळ्याला लागून पाणी खोल असतं, पुढे उथळ होत जातं. अडथळ्यावर पाय देऊन लांब ढकललं तर एक पाय उथळ पाण्यात आणि पुढचा थेट ट्रॅकवर. दमलेला धावपटू जवळच उतरतो, दोन्ही पाय पाण्यात जातात, लय तुटते. पाचव्या-सहाव्या वॉटर जंपला कोण ढेपाळतोय ते इथेच आधी दिसतं. अविनाश साबळे 2024 च्या फायनलला नववा आला, 8:17.09. भारतीय धावपटू इथवर पोचतो हीच मोठी गोष्ट, पण पुढच्यांशी अंतर किती आहे तेही या शर्यतीत उघडं पडलं.

भालाफेक शिकणाऱ्या पोरांच्या पालकांना एक सांगणं: टीव्हीवरचा पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा. 18 वर्षांखालच्या मुलांना 700 आणि मुलींना 500 ग्रॅमचा असतो. फायनल बघून जोशात जड भाला घेऊन देऊ नका, कोपर आणि खांदा धरतो.

2026 ची फायनल 4 आणि 5 सप्टेंबरला ब्रसेल्सला आहे. गजर लावण्याआधी तारीख तपासा. तिथली रात्रीची स्पर्धा आपल्या कॅलेंडरात बहुतेक दुसऱ्या दिवशी पडते.